प्रेक्षक कुठे बसणार ते नंतर, आधी तो कोण ते ठरवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते वाचणाऱ्यांना कळेल. तुमच्या ग्रुपकडे हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेवरची दीड तासाची संहिता आहे. चौकटीच्या, म्हणजे प्रेक्षक एकाच बाजूला असलेल्या नेहमीच्या रंगमंचावर ती करायची नाही. एका शाळेचा हॉल मिळालाय. प्रेक्षक चारही बाजूंनी, नट मधोमध, अधूनमधून दोघा-चौघांना हाताला धरून नाटकात ओढायचं आणि शेवटी पाण्याच्या टाकीच्या ठरावावर सगळ्यांचं मतदान, असा बेत आहे. 'चौथी भिंत (नट आणि प्रेक्षक यांच्यातली न दिसणारी भिंत) पाडायचीय, सुरुवात कुठून करू?' असं तुम्ही विचारलंय.

मी नेपथ्य करतो. तीस वर्षं होऊन गेली. त्यातली बरीचशी कामं नाट्यगृहाबाहेरची: शाळांचे हॉल, मंगल कार्यालयं, एकदा तर बंद पडलेली पिठाची गिरणी. त्या अनुभवावरून सांगतो, भिंत काय, आमचा सुतारसुद्धा पाडून देईल. तुमच्या कागदावर खुर्च्यांचा नकाशा आहे, नटांच्या एंट्र्या आहेत, पात्रयोजना आहे. त्या पात्रयोजनेत प्रेक्षकाचं नाव मात्र नाही. तो त्या खोलीत कोण म्हणून आलाय? हे ठरलं की खुर्च्या कुठे मांडायच्या ते जवळजवळ आपोआप ठरतं. न ठरवता नुसतं जवळ बसवलं, तर तो दहाव्या रांगेतला प्रेक्षकच राहतो, फक्त नटाची थुंकी अंगावर उडते इतकाच फरक.

या बाबतीत मी ज्यांना गुरू मानतो ते आहेत पोलंडमधले एक वास्तुरचनाकार, येझी गुराव्स्की. दिग्दर्शक ग्रोटोव्स्कीचं नाव सगळे घेतात, गुराव्स्कीचं फारसं कुणी घेत नाही. ओपोले नावाच्या छोट्या शहरात ग्रोटोव्स्कीचं 'तेरा रांगांचं थिएटर' होतं. नावावरूनच जागेचा अंदाज येतो. तिथे १९६० साली या दोघांनी पहिल्यांदा एकत्र काम केलं आणि ते नाटक होतं कालिदासाचं 'शाकुंतल'. प्रेक्षक दोन बाजूंना समोरासमोर, खेळ मध्ये. गंमत बघा, १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ज्या 'शाकुंतला'वर आपल्या संगीत नाटकाची चौकट घट्ट बसवली, त्याच 'शाकुंतला'पासून तिकडे चौकट मोडायला सुरुवात झाली.

पुढच्या पाच वर्षांत त्यांनी जे केलं ते प्रत्येक नेपथ्यकाराने वहीत काढून बघावं. 'कोर्डियन' (१९६२) मध्ये पूर्ण खोली म्हणजे मनोरुग्णालयाचा वॉर्ड. लोखंडी पलंग, त्यातल्या काही पलंगांवर नट, बाकीच्यांवर प्रेक्षक. तुम्ही तिकीट काढून आत आलात की रुग्ण झालात. 'डॉक्टर फाउस्टस' (१९६३) मध्ये लांबलचक जेवणाची टेबलं. मरणाआधीच्या शेवटच्या तासात फाउस्टसने मंडळींना बोलावलंय, प्रेक्षक बाकांवर बसलेले पाहुणे, आणि नाटक होतं ते त्यांच्या नाकासमोर, टेबलांवर. 'द कॉन्स्टंट प्रिन्स' (१९६५) मध्ये उलटा प्रकार. उंच लाकडी कुंपण, त्याच्यामागे प्रेक्षक, खाली वाकून बघतात. आत एका माणसाचे हाल चाललेत आणि तुम्ही कुंपणावरून डोकावताय. बैलझुंज बघावी तसं, किंवा शस्त्रक्रिया बघणाऱ्या विद्यार्थ्यांसारखं.

तिन्ही ठिकाणी प्रेक्षकाचं काम एका शब्दात सांगता येतं: रुग्ण, पाहुणा, डोकावणारा. तुमच्या नाटकासाठी असा एक शब्द सापडेपर्यंत मंडपवाल्याला खुर्च्यांचा आकडा सांगू नका.

आता 'ओढून घेण्या'बद्दल. ग्रोटोव्स्कीने प्रेक्षकाला थेट सामील करून पाहिलं आणि पुढे त्यालाच ते पटेनासं झालं. अचानक भूमिका दिलेला माणूस अवघडतो. तो एकतर हसून वेळ मारून नेतो, नाहीतर स्वतःच नट बनून मिरवतो, आणि दोन्ही वेळा नाटक बघणं सोडून आपण कसे दिसतोय ते बघायला लागतो. म्हणून त्याने पुढे प्रेक्षकाला साक्षीदाराच्या जागी नेलं.

हे मला पुस्तक वाचून पटलं नव्हतं. वीसेक वर्षांपूर्वी एका प्रयोगात आमच्या नटाने पहिल्या ओळीतल्या एका मध्यमवयीन गृहस्थांना उठवून मध्ये आणलं आणि विचारलं, "तुम्ही असता तर काय केलं असतं?" संहितेत इथे दहा सेकंदांचा थांबा होता. गृहस्थ उभे. हातात गाडीची किल्ली. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग म्हणाले, "मी आपलं सहज आलो होतो." हॉल हसला. पुढचा प्रवेश मरणाचा होता आणि तो त्या हशातून वर आलाच नाही. नटाला मी दोष देत नाही, जागा मीच आखली होती. त्या माणसाला आम्ही तोपर्यंत चाळीस मिनिटं काहीच मानलं नव्हतं आणि एकदम नायक मानलं.

याच्या बरोबर उलट उदाहरण म्हणजे 'अक्रोपोलिस' (१९६२). पोलिश नाटककार व्हिस्पियान्स्कीचं मूळ नाटक पोलंडमधल्या क्राकू शहराच्या वावेल टेकडीवर घडतं, ग्रोटोव्स्की आणि नेपथ्यकार युझेफ शाइना यांनी ते नाझी छळछावणीत नेलं. नट गोणपाटाच्या कपड्यांत, पायात लाकडी बूट. मधोमध भंगाराचा ढीग. प्रेक्षक खोलीभर विखरून बसलेले, नट त्यांच्या अंगाला चाटून जाण्याइतके जवळ, आणि पूर्ण प्रयोगभर एकही नट एकाही प्रेक्षकाची दखल घेत नाही. हे मेलेले, ते जिवंत. मेलेल्यांना जिवंत दिसत नाहीत. नट धुराड्याचे पाइप उचलतात, प्रेक्षकांच्या डोक्यावर दोऱ्यांना टांगत जातात आणि बघता बघता आपण ज्या खोलीत बसलोय तिथेच भट्टी उभी राहते. शेवटी सगळे एका पेटीत उतरतात, झाकण बंद होतं. हात धरणं नाही, प्रश्न नाही, आणि तरी त्या खोलीत 'सहज आलेला' माणूस एकही उरत नसणार. अंतर शून्य आणि संपर्कही शून्य. माझ्या मते प्रेक्षक आणि नट यांच्या नात्यावर विसाव्या शतकात झालेलं हे सगळ्यात धाडसी काम.

आपल्याकडे हा विचार आला तो मुख्यतः बंगाली नाटककार बादल सरकारांमुळे. ते पेशाने नगररचनाकार. पुन्हा जागेचाच माणूस, हे मला योगायोग वाटत नाही. 'एवम् इंद्रजित'सारखं चौकटीतलं गाजलेलं नाटक लिहून झाल्यावर ते स्वतः चौकटीतून बाहेर पडले. त्यांच्या 'तिसऱ्या रंगभूमी'वर लोक नेहमी स्वस्ताईबद्दल बोलतात: पडदे नाहीत, महागडे दिवे नाहीत, खांद्याला झोळी लावून कुठेही जाता येतं. ते खरंच आहे. पण मला त्यांचं दुसरं एक म्हणणं जास्त कामाचं वाटतं. नाटकात चार प्रकारचा व्यवहार चालतो: नटाचा प्रेक्षकाशी, नटाचा नटाशी, प्रेक्षकाचा नटाशी आणि प्रेक्षकाचा प्रेक्षकाशी. प्रेक्षागृहात अंधार केला, सगळ्यांची तोंडं एका दिशेला केली की यातले शेवटचे दोन जवळजवळ मरतात. म्हणून बादल सरकार प्रेक्षकांवरही उजेड ठेवत.

'मिछिल' (१९७४) मध्ये त्यांनी काय केलं बघा. मराठी नाटकवाल्यांना हे नाटक 'जुलूस' म्हणून माहीत आहे. नाटक मोर्च्यांचं, शहरातल्या गल्ल्यांचं. मग बसायची व्यवस्थाच वेडीवाकडी, बाकांच्या मधून गल्ल्या निघतील अशी. मोर्चा तुमच्या पाठीमागून येतो, समोरून वळतो, दुसऱ्या टोकाला नाहीसा होतो. तुम्ही रस्त्यावर आहात. शेवटी नट हात पुढे करतात आणि लोक त्यात सामील होतात. इथे हात धरणं चालतं, कारण तासभर तो माणूस रस्त्याच्या कडेलाच उभा होता आणि कडेवरून मोर्च्यात शिरायला एकच पाऊल लागतं. आमचे किल्लीवाले गृहस्थ कुठल्याच रस्त्यावर नव्हते.

फ्रान्समधल्या 'थिएत्र दु सोलेय'चं '१७८९' हे नाटकही याच जातीचं. १९७० साली आधी मिलानला झालं, मग पॅरिसजवळ व्हँसेनच्या जुन्या दारूगोळ्याच्या कारखान्यात. भोवती चौथरे, मध्ये उभे प्रेक्षक, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीतली गर्दी. बास्तीयचा तुरुंग पडल्याची बातमी त्यांनी कशी सांगितली? नट गर्दीत पांगले आणि प्रत्येकाने आजूबाजूच्या चार-पाच जणांना कुजबुजत सांगायला सुरुवात केली. ऐकू यावं म्हणून लोक जवळ सरकले. आवाज हळूहळू चढत गेले आणि शेवटी पूर्ण कारखान्यात जल्लोष. प्रेक्षकाला काही करायला लावलं नाही. त्याला फक्त कान पुढे करावा लागला. कान पुढे करणं हासुद्धा सहभागच आहे, आणि माझ्या मते हात वर करण्यापेक्षा खरा.

जाता जाता एक. यासाठी चौकट सोडलीच पाहिजे असंही नाही. सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' (१९७४) चौकटीतच झालं. पण मेलेले भाऊराव उभे राहून स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतात आणि त्या क्षणी प्रेक्षागृहातली साडेतीनशे माणसं देवळातले श्रोते होतात. कीर्तन कसं ऐकायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. 'घाशीराम कोतवाल'मधल्या ब्राह्मणांच्या ओळीचंही तेच. ते पाठ फिरवतात तेव्हा आड काहीतरी चाललंय आणि आपल्याला ते बघू दिलं जात नाही, एवढ्यानेच आपण पुण्यातले बघे होतो.

आमचा एक जमलेला प्रयोग सांगतो, म्हणजे किल्लीवाल्यांची भरपाई होईल. नाटक तेराव्याच्या जेवणाचं, भावाभावांतल्या वाटणीचं. एका तालुक्याच्या गावी, शाळेच्या हॉलमध्ये. मी समोरासमोर दोन पंगती आखल्या, मध्ये पाच फुटांची वाट. चोवीस आणि चोवीस, अठ्ठेचाळीस प्रेक्षक. सतरंजीच्या पट्ट्या, पुढ्यात पत्रावळ, पत्रावळीवर मीठ आणि लिंबाची फोड. बाजूला पाण्याचा पेला. बाकी काही वाढलं जात नाही, कारण वाढप सुरू व्हायच्या आतच भांडण पेटतं. वर चाळीस वॉटचे साधे पिवळे बल्ब, लोंबते, प्रेक्षकांवर आणि नटांवर सारखेच.

पहिल्या दिवशी आम्ही काही न सांगता बायका आपणहून एका पंगतीत बसल्या आणि पुरुष दुसऱ्या. मी मिसळून बसवायला निघालो होतो, दिग्दर्शकाने दंड धरून थांबवलं. बरं झालं. विधवेचं काम करणारी मुलगी त्या दिवशी नकळत बायकांच्या पंगतीच्या अंगाने चालायला लागली आणि समोरची पुरुषांची पंगत ते बघत होती. तालमीत महिनाभर न सापडलेलं ब्लॉकिंग, म्हणजे नटांच्या हालचालींची आखणी, पाहुण्यांनी आम्हाला बसल्याबसल्या दिलं.

दुसऱ्या प्रयोगाला धाकट्या भावाचं काम करणारा पोरगा तांब्याने पाणी वाढत आला. बोलणं मोठ्या भावाशी चाललेलं, लक्ष तिकडे, पेला काठोकाठ. शेजारच्या आजींनी पेल्यावर हात आडवा धरला आणि हळूच म्हणाल्या, "पुरे रे." तो थांबला, त्यांच्याकडे पाहिलं, "हो मावशी" म्हणाला आणि पुढच्या पानाकडे गेला. कुणी हसलं नाही. मी दाराशी उभा होतो, अंगावर काटा आला. आजींना कुणी भूमिका समजावली नव्हती, त्या पंगतीला बसल्या होत्या एवढंच. आणि हो, सत्तर मिनिटांत निम्म्या पत्रावळींवरचं मीठ चाटून संपलेलं असायचं.

उशिरा येणाऱ्यांचा प्रश्नही तिथे परस्पर सुटला. तेराव्याला कुणीतरी उशिरा येतंच. मोठी सून म्हणायची, "या, पाय धुऊन घ्या," आणि जागा दाखवायची. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांच्यासाठी भिंतीकडेला शाळेचे बाक ठेवले होते, ते ओसरीवरचे पाहुणे झाले. गुडघ्यांचा विचार मी कलात्मक विचाराच्या आधी करतो, आणि कुणी हसलं तरी चालतं. दुखणारा गुडघा नाटक बघत नाही.

पैशाचं म्हणाल तर अठ्ठेचाळीस तिकिटांत गाडीभाडं निघालं, बस्स. ग्रोटोव्स्कीच्या मागे सरकारी अनुदान होतं, बादलबाबू लोक स्वखुशीने देतील त्यावर करत. तुम्ही तिसरा मार्ग शोधला तर मलाही कळवा.

आता तुमची सभा. तुमचा एक शब्द तयारच आहे: सभासद. आणि तो शब्द घेतला की तुमच्या चार बाजू कोसळतात. कुठल्या सोसायटीची सभा चार बाजूंनी बसते? समोर टेबल, त्यावर चादर, पाण्याची बाटली, अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार. समोर ओळीने प्लास्टिकच्या खुर्च्या. म्हणजे सभा हीच मुळात चौकट आहे! चौकट मोडते ती सभासदांमुळे. खरी सभा कुठे चालते हे सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं: मागच्या रांगेत, दाराजवळ, जिथून पटकन निसटता येतं. तुमचे तीन नट समोर ठेवा, बाकीचे सगळे खुर्च्यांमध्ये पेरा आणि त्यातला सगळ्यात जहाल माणूस शेवटच्या रांगेत. तो बोलला की साठ माना मागे वळतील, आणि मागे वळलेली मान शेजारच्याचा चेहरा बघते. बादल सरकारांचा तो चौथा, प्रेक्षकाचा प्रेक्षकाशी व्यवहार तुम्हाला फुकटात मिळाला. खुर्च्या मात्र सरळ रांगेत नकोत, किंचित कमानीत मांडा आणि मधली वाट निदान चार फुटांची ठेवा. बाहेर जायचं दार कुठल्याही नेपथ्याने अडवायचं नाही. यावर माझ्याशी वाद घालू नका.

दाराशी हजेरीपुस्तक ठेवा. सही करून आत सोडा. सही केलेला माणूस सभासद होतो, त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. तिसरी घंटा देऊ नका. त्याऐवजी सेक्रेटरीने येऊन सांगावं की कोरम भरला नाही, सभा अर्ध्या तासासाठी तहकूब. आपल्या सभांमध्ये हे इतक्या वेळा होतं की पहिला हशा तिथेच येईल. अर्ध्या तासाऐवजी चार मिनिटं घ्या. त्या चार मिनिटांत अनोळखी माणसं एकमेकांशी बोलतील आणि पेरलेले नट त्यांच्यातच मिसळलेले असतील. कुजबुजत, '१७८९'सारखे.

उजेडासाठी हॉलच्या ट्यूबलाईट पुरेशा आहेत. पार वगैरे रंगमंचाचे दिवे भाड्याने आणू नका. फक्त बटणांचा बोर्ड आधी बघून ठेवा, कुठलं बटण कुठल्या रांगेचं ते. टाकीच्या प्रवेशात टेबलावरची एकच ट्यूब बंद केलीत तर ते एवढं मोठं वाटेल की विचारू नका. ब्लॅकआउट अजिबात नाही. लोकांमध्ये नट बसलेले असताना अंधार केला की कुणीतरी पडतं, आणि काही बायकांना अनोळखी माणसांच्या मधे अंधारात बसणं नको वाटतं. तालीम पंखे चालू ठेवून करा. शाळेचे पंखे खडखडतात, आणि तीन फुटांवरच्या प्रेक्षकापुरताच आवाज लावणारा पाठमोरा नट मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही.

अंगाला हात लावायचा नाही. हाताला धरून ओढणं संहितेतून काढून टाका. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, समोरच्याच्या हातात अहवालाची प्रत दिली, इतकं पुष्कळ होतं.

राहिलं मतदान. यावर तुमचे सहकारी नाराज होतील. शेवट ठरलेला असेल तर मतदान घेऊ नका. लोकांनी टाकीच्या विरुद्ध हात वर केले आणि तुमच्या नाटकात ठराव मंजूरच झाला, तर त्यांना कळतं की आपल्याला फसवलं, आणि मग मागच्या दीड तासाचा विश्वासही जातो. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षक खेळ थांबवतो, नटाच्या जागी स्वतः उभा राहतो आणि पुढचं खरोखर बदलतं. तिथे नट त्याची तयारी करून आलेले असतात. तुमची तशी तयारी असेल तर दोन शेवट लिहा, दोन्ही बसवा आणि हात मोजा, खरे मोजा. नसेल तर अध्यक्षांनी आपल्या सभांमध्ये म्हणतात तेच म्हणावं, "कुणाची हरकत नसल्यास ठराव मंजूर," आणि पुढच्या विषयाकडे जावं. त्या एका वाक्यानंतर किती सभासद तोंड उघडतात ते बघा. बहुतेक वेळा कुणी उघडत नाही, आणि मला वाटतं तुमचं नाटक त्या शांततेबद्दलच आहे.

कुणी खरंच उठून म्हणालं, "माझी हरकत आहे," तर? सेक्रेटरीच्या नटाला आधीच सांगून ठेवा: नोंद घ्यायची. हातातल्या पेनने, खरोखर, इतिवृत्ताच्या वहीत, फ्लॅट नंबर विचारून. वही दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात मागचं इतिवृत्त म्हणून वाचायची.

रंगीत तालमीला ओळखीची पंधरा माणसं बोलवा, नाटकवाली नकोत. तुम्ही दिग्दर्शक म्हणून समोर बसू नका, कडेच्या खुर्चीत बसा आणि लोकांचे पाय बघा. चेहरे खोटं बोलतात. खुर्चीखाली ओढून घेतलेले पाय म्हणजे माणूस घाबरलाय, आता आपल्याला उठवतील म्हणून. दाराकडे वळलेले पाय म्हणजे कंटाळलाय. मागचा माणूस बोलायला लागल्यावर चपलेतून निघालेला पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर चढला आणि धड मागे वळलं, तर तिथे पेन्सिलने खूण करा.